डोळ्यांशी केलेला करार

विवाहातील एकनिष्ठेचा विषय ख्रिस्ती मंडळीत साधारणपणे दोन वेळा निघतो. एकदा लग्नाच्या उपासनेत, वधूवर वचने देत असतात तेव्हा; आणि दुसऱ्यांदा एखाद्या घरातला विश्वासघात उघडकीस येऊन सारे हादरून गेलेले असतात तेव्हा. या दोहोंच्या मधली जी अनेक वर्षे असतात, ज्या वर्षांत माणसाची नजर, त्याचे मनोराज्य आणि त्याच्या सवयी कोणाच्या लक्षात न येता घडत किंवा बिघडत असतात, त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. मी स्वतः विवाहित ख्रिस्ती आहे, आणि या विषयावर पवित्र शास्त्र जसजसे वाचत गेलो तसतसे मला जाणवत गेले की त्याचा भर नेमका या मधल्या वर्षांवर आहे. शिवाय एका बाबतीत ते विलक्षण स्पष्ट आहे: वासनेवर पहारा ठेवण्याचे काम ज्याचे डोळे त्याचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

सीनाय पर्वतावर दिलेल्या दहा आज्ञांमध्ये व्यभिचार करू नको ही आज्ञा आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तिला सातवी म्हणतात, तर रोमन कॅथलिक आणि लूथरन परंपरेत ती सहावी मोजली जाते. त्याच आज्ञांच्या शेवटी शेजाऱ्याच्या पत्नीचा, त्याच्या घराचा किंवा त्याच्या कोणत्याही वस्तूचा लोभ धरू नको असेही सांगितले आहे, आणि ही आज्ञा आधीच्या आज्ञांहून वेगळी आहे, कारण तिचा भंग झाला की नाही हे कोणत्याही न्यायाधीशाला तपासता येत नाही. ती थेट मनाला उद्देशून दिलेली आहे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात या दोन आज्ञा एकत्र आणल्या. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की जो कोणी एखाद्या स्त्रीकडे कामेच्छेने पाहतो त्याने आपल्या मनात तिच्याविषयी व्यभिचार केलाच आहे. म्हणजे विश्वासघाताची सुरुवात कोठे होते, या प्रश्नाचे उत्तर त्याने शयनगृहापासून उचलून डोळ्यांपर्यंत मागे नेले.

हे वचन ऐकून कोवळ्या मनाची माणसे घाबरतात, आणि विशेषतः तरुण मुले स्वतःला कायमची दोषी ठरवून मोकळी होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. कोणाचे सौंदर्य लक्षात येणे हे पाप नाही. डोळे देवानेच दिले आहेत आणि सौंदर्यही त्याचीच निर्मिती आहे. येशू ज्या पाहण्याबद्दल बोलतो ते इच्छा चेतवण्यासाठी मुद्दाम केलेले, पुन्हा वळून केलेले, रेंगाळलेले पाहणे आहे. मोह होणे आणि मोहाला आत घेऊन बसवणे यांत शास्त्र फरक करते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्वतः येशूविषयी म्हटले आहे की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह होणे हेच पाप असते तर हे वाक्य लिहिताच आले नसते. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हा क्रम आणखी उलगडून दाखवतो: मनुष्य स्वतःच्या वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला जन्म देते. या क्रमात मला सर्वांत मोलाची वाटते ती मधली मुदत. ओढ वाटणे आणि कृती घडणे यांच्यामध्ये काळ असतो, आणि त्या काळात माणूस असहाय नसतो.

त्याच प्रवचनात पुढचे वाक्य अंगावर येणारे आहे: तुझा उजवा डोळा तुला पापाला प्रवृत्त करत असेल तर तो उपटून फेकून दे. मंडळीने हे कधीही शब्दशः घेतले नाही. उलट इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आपल्या पहिल्याच नियमात असे ठरवले की ज्याने धडधाकट असताना स्वतःचे अंग छेदून घेतले असेल त्याला पाळकीय सेवेत राहता येणार नाही. शरीर तोडल्याने मन शुद्ध होत नाही, हे त्या काळीही समजले होते. मात्र शब्दशः न घेणे म्हणजे सौम्य करून टाकणे असे आपण समजू लागलो आहोत, आणि ते मला पटत नाही. येशू अतिशय कठोर शस्त्रक्रियेची भाषा वापरतो, आणि ती कोणावर करायची हेही सांगतो. डोळा तुझा, हात तुझा. समोरची स्त्री कशी चालते, काय नेसते, कोठे उभी राहते याबद्दल या उताऱ्यात त्याने एक शब्दही काढलेला नाही. पुरुषाच्या मोहाचा दोष स्त्रीच्या पदरात घालण्याची सवय अनेक समाजांना आहे, आणि मंडळ्याही तीपासून मुक्त राहिलेल्या नाहीत. पण ज्याला ही सवय सोडवत नाही त्याला डोंगरावरील प्रवचनाचा आधार मिळणार नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी साधेपणाने राहावे असे म्हटले आहे हे मला ठाऊक आहे. तेथे नावे घेतली आहेत ती सोने, मोती आणि मोलवान वस्त्रे यांची, म्हणजे श्रीमंतीच्या प्रदर्शनाची. पुरुषाला त्याच्या नजरेच्या हिशोबातून सुटका मिळावी यासाठी ते वचन लिहिलेले नाही.

ईयोबाच्या पुस्तकातील एकतिसाव्या अध्यायाची सुरुवातही याच दिशेची आहे. सर्वस्व गमावून राखेत बसलेला ईयोब आपल्या आयुष्याचा हिशोब देऊ लागतो तेव्हा सर्वांत आधी तो सांगतो की मी माझ्या डोळ्यांशी करार केला आहे, मग मी एखाद्या कुमारीकडे वाईट नजरेने कसा पाहीन? त्याच अध्यायात पुढे दासांना दिलेला न्याय, विधवांची काळजी, अनाथांना दिलेले अन्न, धनावर न ठेवलेला भरवसा असे सारे येते. पहिले स्थान त्याने नजरेला दिले आहे. करार हा शब्दही मला मोठा वाटतो, कारण शास्त्रात करार ही पूर्वीच, शांत मनाने, साक्षीने बांधून घेतलेली गोष्ट असते. मोहाच्या क्षणी माणूस करार करू शकत नाही. त्या क्षणी तो आधी केलेला करार पाळतो किंवा मोडतो, एवढेच त्याच्या हाती असते.

दावीद राजाची गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ऐकलेली असते, पण ती सावकाश वाचली पाहिजे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय, राजे युद्धाला जातात त्या ऋतूत दावीद मात्र यरुशलेमेत मागे राहिला, या नोंदीने सुरू होतो. संध्याकाळी तो उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरत असताना त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. गच्चीवर तो होता. ती गच्चीवर होती असे वचन सांगत नाही, तरी कित्येक प्रवचनांत ते तसे सांगितले जाते. येथपर्यंत जे घडले ते केवळ नजरेला पडले होते. त्यानंतर त्याने माणूस पाठवून चौकशी केली, आणि त्याला उत्तर मिळाले की ती अलीयामाची मुलगी आणि उरीया हित्ती याची पत्नी बथशेबा आहे. हे उत्तर म्हणजे देवाने दिलेली संधी होती असे मी मानतो. कारण या उत्तराने ती केवळ एक सुंदर देह राहिली नाही. तिला नाव मिळाले, बाप मिळाला, पती मिळाला, आणि तो पती दावीदाच्या निवडक शूर योद्ध्यांपैकी एक होता. दावीदाला थांबता आले असते. त्याने दूत पाठवून तिला आणवले.

पुढचे सारे त्या एका न थांबण्यातून वाढत जाते. बथशेबा गर्भवती राहिल्यावर दावीदाने उरीयाला रणांगणावरून बोलावून घरी जाण्याचा आग्रह केला, पण आपले सोबती उघड्या मैदानात तळ देऊन असताना मी घरी जाऊन सुखाने कसा राहू, असे म्हणून तो राजवाड्याच्या दारापाशी सेवकांबरोबर निजला. मग दावीदाने त्याच्याच हातून आपला सेनापती यवाब याला पत्र पाठवले, ज्यात त्याला घनघोर लढाईच्या तोंडी उभे करून मागे सरण्याची आज्ञा होती. उरीया आपल्या मृत्यूचा हुकूम स्वतः घेऊन गेला. वासना ही खासगी बाब आहे, तिने कोणाचे काही बिघडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. एका नजरेमागून खोटेपणा आला, सत्तेचा दुरुपयोग आला, खून आला, आणि त्या युद्धात इतरही सैनिक मेले, ज्यांची नावेसुद्धा दिलेली नाहीत. नाथान संदेष्टा दावीदापुढे आला तेव्हा त्याने एका गरीब माणसाच्या लाडक्या कोकरीची गोष्ट सांगितली, जी एका श्रीमंताने हिरावून नेली. त्या दृष्टांतात कोकरी निरपराध आहे. बोट रोखले गेले ते दावीदावर.

योसेफाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचली की दुसरी बाजू दिसते. उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात तो मिसर देशात पोटीफराच्या घरी विकत घेतलेला दास आहे, आणि येथे वासनेने पाहणारी स्त्री आहे, तीही सत्तेच्या जागी बसलेली. त्यामुळे दोष नेहमी पुरुषाचाच असतो असे काही शास्त्र म्हणत नाही. ते म्हणते की ज्याची नजर त्याचा जाब. योसेफाने तिला दिलेल्या उत्तरात दोन कारणे आहेत. धन्याने माझ्यावर विश्वास टाकून सारे माझ्या हाती सोपवले आहे, तुझ्याखेरीज काहीही राखून ठेवलेले नाही, कारण तू त्याची पत्नी आहेस, हे पहिले; आणि असे मोठे दुष्कर्म करून मी देवाविरुद्ध पाप कसे करू, हे दुसरे. मोह एकदा आला आणि संपला असेही झाले नाही, कारण ती रोज रोज बोलत राहिली, आणि तो तिच्याजवळ थांबण्याचेही टाळत राहिला. शेवटी तिने त्याचे वस्त्र धरले तेव्हा ते तिच्या हाती सोडून तो पळून गेला. या निष्ठेचे बक्षीस म्हणून त्याला खोटा आरोप आणि तुरुंग मिळाला. एकनिष्ठ राहिलात तर सारे सुरळीत होईल असे आश्वासन या अध्यायात नाही. परमेश्वर तुरुंगातही त्याच्याबरोबर होता, इतकेच तेथे लिहिले आहे, आणि विश्वासणाऱ्याला ते पुरे असले पाहिजे.

पळून जाणे हा शब्द पौलानेही वापरला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो जारकर्मापासून पळ काढा असे सांगतो, आणि तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे हे त्याचे कारण देतो. याकोब सैतानाला अडवा म्हणतो. येथे मात्र पौल उभे राहून लढा असे म्हणत नाही. हा फरक मला फार व्यवहारी वाटतो. वासनेशी समोरासमोर उभे राहून वाद घालणारा माणूस बहुधा हरतो, कारण वाद घालण्यासाठी त्याला तिच्याकडेच पाहत राहावे लागते. नीतिसूत्रांच्या सातव्या अध्यायातील अविचारी तरुणाचे चुकले कोठे? अंधार पडण्याच्या वेळी तो तिच्या घराच्या कोपऱ्याजवळच्या रस्त्याने चालू लागला तेथेच. तेव्हा अजून काहीही घडले नव्हते, आणि कोणी हटकले असते तर मी केवळ रस्त्याने चाललो आहे असे तो म्हणाला असता.

आज तो रस्ता प्रत्येकाच्या खिशात आहे. रात्री सारे झोपल्यावर हातात घेतलेला मोबाईल, एकटेपणात उघडलेली चित्रे, जुन्या ओळखीच्या व्यक्तीशी जोडीदारापासून लपवून चाललेला संवाद, हे सर्व त्या कोपऱ्याकडे जाणारे रस्ते आहेत. अश्लील चित्रफितींबद्दल मी विशेष ठामपणे बोलू इच्छितो, कारण त्यात कोणाचे नुकसान नाही असे सांगून अनेकजण स्वतःची समजूत घालतात. पडद्यावरची व्यक्तीही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली आहे, तिलाही नाव आणि आईबाप आहेत, आणि ती तेथे स्वेच्छेने आहे की कोणाच्या बळजबरीने, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. दावीदाला निदान नाव सांगणारे कोणीतरी होते. शिवाय अशा पाहण्याची सवय जडलेला माणूस आपल्या जोडीदाराकडेही एक साधन म्हणून पाहू लागतो, आणि हे नुकसान घरात सर्वांत आधी त्या जोडीदाराच्या लक्षात येते, कारण तो कशामुळे आला हे माहीत नसले तरी तो परकेपणा जाणवतो.

मात्र साधने दूर केली की मन आपोआप स्वच्छ होईल, ही अपेक्षा खरी ठरत नाही. संत जेरोमने इ.स. ३८४ च्या सुमारास युस्तोखियम या तरुणीला लिहिलेल्या पत्रात वाळवंटातील आपल्या एकांतवासाचे वर्णन केले आहे. उपासाने शरीर वाळलेले, सोबतीला विंचू आणि श्वापदे, आणि तरीही मनात आपण रोममधील तरुणींच्या नृत्यात आहोत असे त्याला भासत असे. इतक्या दूर जाऊनही कल्पना बरोबर आल्याच. पळून जाणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. माणूस कशापासून पळतो याइतकेच तो कोणाकडे पळतो हे महत्त्वाचे आहे. जेरोम त्या अवस्थेत येशूच्या पायांशी जाऊन पडत असे, असे तो लिहितो. संत ऑगस्टीनची गोष्टही येथे आठवते. तारुण्यात शुद्धता दे, पण इतक्यात नको, अशी प्रार्थना केल्याचे त्याने नोंदवले आहे. पुढे इ.स. ३८६ मध्ये मिलान येथील एका बागेत रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील शब्द वाचून त्याचे आयुष्य पालटले. त्या शब्दांत जारकर्म आणि विषयासक्ती टाकून देण्याची आज्ञा आहे, आणि त्याबरोबरच प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा असेही म्हटले आहे. टाकून देणे आणि परिधान करणे एकाच श्वासात येते.

विवाहित माणसासाठी या परिधान करण्याचा एक भाग म्हणजे स्वतःच्या जोडीदारावर मनापासून प्रेम करणे. नीतिसूत्रांचा पाचवा अध्याय परस्त्रीच्या मोहापासून सावध करतो आणि लगेच सांगतो की आपल्याच कुंडातले पाणी पी, तारुण्यातील पत्नीच्या ठायी आनंद मान, तिच्या प्रेमाने सदा मोहित हो. गीतरत्न हे संपूर्ण पुस्तकच पतिपत्नीच्या प्रेमाचे गाणे म्हणून वाचता येते. शरीरसुखाला ख्रिस्ती धर्म घाणेरडे मानतो हा समज मंडळीबाहेर तर आहेच, मंडळीतही आहे, आणि तो निष्ठेला मारक ठरतो, कारण ज्या गोष्टीविषयी नवराबायकोने एकमेकांशी बोलायचेच नाही तिचा विचार मग दोघेही एकेकटे करत बसतात. करिंथमध्येही काहीजण पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणे बरे असे म्हणत होते. पौलाने सातव्या अध्यायात त्यांना दिलेले उत्तर आजही आश्चर्यकारक वाटते: पत्नीच्या शरीरावर तिचा नव्हे तर पतीचा अधिकार आहे, आणि त्याचप्रमाणे पतीच्या शरीरावर त्याचा नव्हे तर पत्नीचा अधिकार आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग त्या काळी कोणालाही मान्य झाला असता. दुसरा अर्धा भाग नवा होता. पुढे तो म्हणतो की प्रार्थनेसाठी काही काळ दूर राहायचे असेल तर ते दोघांच्या संमतीने असावे. ज्या शिकवणीत दूर राहण्यासाठीही संमती लागते, तिच्या आधारे कोणी जवळ येण्यासाठी बळजबरी करत असेल तर तो वचनाचा विपर्यास करतो आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० मध्ये आपल्या बुधवारच्या प्रवचनमालेत, पुरुष स्वतःच्या पत्नीकडेही वासनेने, म्हणजे केवळ आपली भूक भागवण्याची वस्तू म्हणून, पाहू शकतो, आणि तेही मनातील व्यभिचारच ठरते, असे म्हटले तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. मी कॅथलिक नाही, पण त्यांचे म्हणणे मला योग्य वाटते. लग्नाच्या दाखल्याने नजर आपोआप शुद्ध होत नसते.

एकाच मापाने दोघांना मोजणे ही ख्रिस्ती शिकवणीची जगाला मिळालेली मोठी देणगी आहे, आणि ती आपण विसरू नये. ऑगस्टस या रोमन सम्राटाने इ.स.पू. १८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीने परपुरुषाशी ठेवलेला संबंध गुन्हा होता. विवाहित पुरुषाने दासीशी किंवा वेश्येशी ठेवलेला संबंध मात्र गुन्हा नव्हता. चौथ्या शतकाच्या आरंभी लाक्टान्शियस या ख्रिस्ती लेखकाने स्पष्ट लिहिले की देवाच्या नियमात असा भेद नाही, पतीही तितकाच बांधलेला आहे. त्याच शतकाच्या अखेरीस फाबिओला या रोमन स्त्रीच्या निधनानंतर लिहिलेल्या पत्रात जेरोमने, कैसराचे कायदे वेगळे आणि ख्रिस्ताचे वेगळे, जे स्त्रियांना वर्ज्य ते आमच्यात पुरुषांनाही तितकेच वर्ज्य, असा खुलासा केला. योहानाच्या आठव्या अध्यायातील प्रसंगही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो आढळत नसला तरी मंडळीने तो जपला आहे. व्यभिचार करताना धरलेली स्त्री येशूपुढे उभी केली जाते, पण तिच्याबरोबरचा पुरुष कोठेच नाही, आणि लेवीयाच्या विसाव्या अध्यायाप्रमाणे शिक्षा तर दोघांनाही होती. येशूने जमलेल्यांना त्यांच्या स्वतःच्या पापाकडे वळवले, आणि ते एकेक करून निघून गेल्यावर तिला सांगितले की मीही तुला दंड ठरवत नाही; जा, आणि यापुढे पाप करू नकोस.

या शेवटच्या दोन वाक्यांपैकी एकच निवडण्याची खोड मंडळ्यांना लागलेली आहे. काही ठिकाणी केवळ दंड उरतो, आणि पडलेला माणूस कायमचा बाहेर राहतो. काही ठिकाणी केवळ क्षमा उरते, आणि तीही प्रामुख्याने जखमी झालेल्या जोडीदाराकडून लगेच, निमूटपणे द्यावी अशी अपेक्षा केली जाते. एकावन्नावे स्तोत्र दावीदाच्या पश्चात्तापाचे आहे. त्यात सबबी नाहीत, परिस्थितीला दोष नाही, आणि शुद्ध हृदय माझ्या ठायी उत्पन्न कर अशी विनंती आहे. खरा पश्चात्ताप असा सबबींशिवाय असतो, तो लपवलेले सर्व उघड करतो, संबंध तोडतो आणि परिणाम स्वीकारतो. क्षमा ही देणाऱ्याची देणगी आहे. विश्वास मात्र पुन्हा मिळवावा लागतो आणि त्याला वर्षे लागू शकतात. होशेय संदेष्ट्याने आपली अविश्वासू पत्नी गोमेर हिला पुन्हा स्वीकारले, हे उदाहरण देऊन फसवल्या गेलेल्या स्त्रियांना गप्प बसवले जाते, याचे मला फार दुःख होते. होशेयाला ती आज्ञा इस्राएलावरील देवाच्या प्रेमाचे चिन्ह म्हणून मिळाली होती. प्रत्येक घरासाठी तो नियम म्हणून दिलेला नाही. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशूने देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये असे सांगितले, आणि व्यभिचाराच्या कारणाचा वेगळा उल्लेखही केला. त्या उल्लेखाचा अर्थ कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट मंडळ्या निरनिराळा लावतात. पण ज्याचा विश्वासघात झाला त्याच्या वेदनेला जागा देणे कोणत्याच परंपरेला नाकारता येणार नाही.

पडण्याआधी काय करावे, याबद्दल अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे काही नियम ठरवले होते. पैशाचा चोख हिशोब, आकडे फुगवून न सांगणे, स्थानिक मंडळ्यांवर टीका न करणे यांबरोबरच आपल्या पत्नीखेरीज दुसऱ्या स्त्रीबरोबर एकट्याने प्रवास किंवा भोजन न करणे हाही त्यांत एक नियम होता. त्यामागची सावधगिरी मी आदराने घेतो, कारण आपण पडू शकतो हे मान्य करणारी माणसेच असे नियम करतात. पण हा नियम आंधळेपणाने पाळला तर मंडळीत आणि कामाच्या ठिकाणी स्त्रिया मार्गदर्शनापासून आणि संधींपासून दूर ठेवल्या जातात, आणि प्रत्येक स्त्री ही संकट समजली जाते. पौलाने तीमथ्याला वेगळा मार्ग सांगितला होता: वडील स्त्रियांना माता समजून आणि तरुण स्त्रियांना बहिणी समजून, पूर्ण शुद्धतेने वागव. बहिणीशी बोलताना माणूस दार उघडे ठेवतो की बंद, हा प्रश्न दुय्यम आहे. तिच्याकडे बहीण म्हणून पाहतो का, हा मुख्य आहे. माझ्या अनुभवात याहून उपयोगी पडते ते याकोबाच्या पाचव्या अध्यायातील सांगणे, की आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. ज्याच्यापासून काही लपवायचे नाही असा एखादा प्रौढ, विश्वासू आणि आपल्याच लिंगाचा मित्र असावा, आणि त्याने अवघड प्रश्न विचारावेत. अंधारात वाढलेली वासना मोठ्याने बोलून दाखवल्यावर बरीचशी लहान होते.

इ.स. १५४९ च्या इंग्लंडच्या प्रार्थनाविधीत वराला आणि वधूला वेगवेगळे विचारले जाते की इतर सर्वांना सोडून, दोघेही जिवंत असेपर्यंत तू केवळ हिचा किंवा याची होऊन राहशील का. आजही अनेक भाषांतील विवाहविधींमध्ये हा प्रश्न जवळजवळ तसाच आहे, आणि त्याचे उत्तर देताना इतर सर्वांना सोडणे म्हणजे नेमके काय, हे उत्तर देणाऱ्या तरुणांना बहुधा कोणी समजावून सांगितलेले नसते. लग्नापूर्वीच्या तयारीत आमच्या मंडळ्या उपासनेचा क्रम, गीते आणि कागदपत्रे यांवर जितका वेळ देतात, त्यातला निदान काही वेळ पाळकांनी या प्रश्नासाठी राखून ठेवावा असे मला कळकळीने वाटते. एकांतात तू काय पाहतोस, कोणाशी काय बोलतोस जे जोडीदाराला दाखवता येणार नाही, मोह झाला तर कोणाला सांगशील, शरीरसंबंधाविषयी तुम्ही दोघे एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकता का, हे त्यांनी विचारावे. आणि हे प्रश्न वराला जसे विचारले जातील तसेच वधूलाही विचारले जावेत, उत्तरे दोघांनी एकमेकांसमोर द्यावीत, आणि लग्नानंतर एका वर्षाने त्याच पाळकांनी त्या दोघांना बोलावून तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.